फांदी नडते

मोडलेलं हाड सगळ्यात आधी त्याला दिसतं, आणि सांगायची परवानगी मात्र त्याला नाही. एक्सरे काढणाऱ्या माणसाची नोकरीच तशी. पेशंट टेबलावरून उतरतो, शर्टाची बटणं लावत विचारतो, "काय दिसतंय हो?" हा म्हणतो, "डॉक्टर सांगतील." दिवसातून साठ वेळा. म्हातारी विचारते, "मोडलंय का रे काही माझ्या खुब्यात?" मोडलेलं असतं, चांगलं दोन ठिकाणी. हा म्हणतो, "आजी, डॉक्टर सांगतील." तीस वर्षं झाली. सगळं हॉस्पिटल त्याला मामा म्हणतं. वॉर्डबॉय म्हणतात, "मामाला सगळं माहीत असतं, पण मामा म्हणजे बंद कपाट."

ते कपाट रविवारी सकाळी दहाला उघडायचं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक फोटोलॅब आहे. पुढे काउंटर, तिथे लोक पासपोर्टचे फोटो काढायला येतात आणि भांग पाडून भिंतीला टेकून उभे राहतात. मागे एक लांबट खोली. प्रिंट काढायचं मशीन, एक कुरकुरणारा पंखा, चार स्टूल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एक दोरी. दर रविवारी त्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी पक्ष्यांचे फोटो लटकायचे. माणसं चारच. लॅबवाल्या ताई, एक बँकेतला कॅशियर, एक टेलर आणि मामा. मधूनमधून कुणी नवीन यायचं, मामाचं बोलणं ऐकायचं आणि पुढच्या रविवारी त्याला नेमकं कुठलं तरी काम निघायचं.

नियम एकच होता आणि तो मामानंच घातला होता. ज्याचा फोटो, त्याचं तोंड बंद. उजेड कमी होता, पक्षी उडाला, कुत्रं भुंकलं, असलं काही चालणार नाही. पक्षी रानातला आहे, त्यानं तुम्हाला वेळ दिलेली नाही. बाकीच्या तिघांनी बोलायचं, मामानं शेवटी. मग मामा फोटो खाली घ्यायचा आणि मऊ पेन्सिलीनं त्याच्या पाठीवर लिहायचा. दोन शब्द, फार तर चार.

आणि बोलायचा काय! कॅशियरनं एकदा खंड्या आणला, अगदी फोटोच्या मधोमध. मामा म्हणाला, "शिक्का मारलाय की काय? सवय जात नाही ना हाताची." ताईंनी पोपटाचे रंग जरा चढवून आणले तर म्हणाला, "ताई, हा पोपट इतका हिरवा असता तर स्वतःच लाजून झाडात गेला असता." ताई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी रंग उतरवायच्या. कारण माणूस खवचट असला तरी खोटं बोलायचा नाही. त्याला दिसायचं ते खरंच असायचं. फोकस जरा सुटून पिसांवर आलेला मऊपणा, पक्ष्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा मागचा खांब, अर्ध्या नखाएवढा हललेला पंख. कुणाला नाही ते त्याला दिसायचं.

टेलरला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांची ओळखच तशी झाली. एकोणीस वर्षांपूर्वी टेलरच्या बोटातून मशिनची सुई आरपार गेली होती. बाहेर काढली तर टोक नाही. टेलर घामाघूम, बोटाला फडकं, टेबलावर हात पसरून बसलेला. मामानं प्लेट काढली, दिव्यावर लावली. टेलर म्हणाला, "आहे का हो आत?" मामानं दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं, आणि हळूच म्हणाला, "आहे. पण हाडाला लागलेलं नाही. घाबरू नका." नोकरीत त्यानं नियम मोडला तो तेवढाच. टेलर बरा झाल्यावर आभार मानायला आला, भिंतीवर मामानं लावलेला घुबडाचा फोटो बघितला आणि तिथेच अडकला. सहा महिन्यांत त्यानं कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला. त्याच्या लांब लेन्सला खाकी कापडाची खोळ शिवली, तशीच मामाला शिवून दिली, मग सगळ्यांना. लेन्स टेकवायला वाळूच्या उशा शिवल्या, दुहेरी शिलाई. एकाही उशीतून आजवर वाळूचा कण सांडला नाही.

पण फोटो? टेलरचे फोटो बेताचेच. एकोणीस वर्षं तो दर रविवारी दोरीवर फोटो लावायचा आणि एकोणीस वर्षं पाठीवर घेऊन जायचा. 'डोळा मऊ.' 'घाई केलीस.' 'पाय कापले.' 'शेपूट गेली कुठे?' हे सगळे फोटो त्यानं शर्टाच्या खोक्यात ठेवले होते, पालथे, म्हणजे उघडलं की आधी मामाचं अक्षर दिसायचं. घरी गेला की बायकोला वाचून दाखवायचा. दोघं हसायची. टेलर म्हणायचा, "कात्री माझ्या हातात आणि कापतो हा."

कुणी म्हणालं असतं, एवढं ऐकून घेतोस कशाला? कॅशियर म्हणालाही एकदा. टेलरनं त्याला असं झापलं की कॅशियर महिनाभर त्याच्याकडे पँट आखूड करायला गेला नाही. "तो मला शिकवतोय," टेलर म्हणाला. "तुम्हाला चांगलं म्हणतो ना, ते तुम्हाला कटवायला. माझ्यावर मेहनत घेतोय तो." मैत्री म्हणजे ही. यात कुणाला काही कळत नसेल तर त्यानं रविवारी घरी झोपावं.

मग वहिनींना खोकला लागला.

वहिनी म्हणजे टेलरची बायको. ठेंगण्या, बोलक्या, दुकानात काजं-बटणं त्याच करायच्या. त्या आल्या तेव्हा टेलर बाहेर फाईल घेऊन रांगेत होता. आत मामाच. "हनुवटी इथं ठेवा. खांदे पुढं. श्वास घ्या. धरा." वहिनींनी श्वास धरला. मामानं बटण दाबलं. "सोडा."

प्लेट दिव्यावर लागली. मामा तिच्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला.

"काय दिसतंय, भाऊजी?"

"डॉक्टर सांगतील."

वहिनी हसल्या. "रविवारी एवढे बोलता म्हणे, आणि आज तोंडाला कुलूप?"

मामा प्लेटवर नाव लिहीत होता आणि ते नीट येत नव्हतं. वहिनी पदर सारखा करत त्याच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांना कळलं. बायकांना पाठीवरूनही कळतं.

"बरं, माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "एक ऐकाल का? त्यांना एकदा चांगलं म्हणा. एकदाच. एकोणीस वर्षं वाट बघतोय हो माणूस. मला दाखवत नाही, हसतो, पण मी ओळखते ना."

"म्हणेन," मामा म्हणाला.

"शब्द द्या."

"दिला."

पाच महिन्यांत वहिनी गेल्या.

टेलरनं दुकान बंद केलं. शटरवर कुणीतरी खडूनं लिहून गेलं, 'माझा कोट कधी देणार?' मामा रोज ड्युटी सुटली की त्याच्याकडे जायचा. दोघं बसायचे. मामा काय बोलणार, त्याला बोलायची सवय फोटोवरच. एका पहाटे तो टेलरच्या दारात उभा राहिला, आपला कॅमेरा गळ्यात अडकवून. "चल. तुला काही काढायचं नसेल तर माझी उशी धर."

गावाला पाणी देणाऱ्या टाक्या आहेत, त्यांच्या मागे झाडी आहे. कुंपण तुटकं, वॉचमन ओळखीचा. तिथे टेलर हळूहळू परत माणसात आला. आधी नुसता बसायचा. मग दुर्बिणीतून बघायला लागला. आणि एक दिवस त्यालाच ते घरटं दिसलं. नाचणीचं.

नाचण म्हणजे एवढासा पक्षी, काळपट, पांढरी भुवई, आणि शेपटीचा पंखा उघडून फांदीवर सारखी ठुमकत असते, जागेवर बसणं माहीत नाही. तिनं छातीएवढ्या उंचीवर, एका काटकुळ्या फांदीच्या बेचक्यात वाटी विणली होती. गवताच्या काड्या, त्यावरून कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळून घेतलेले, कडा इतकी गोल की टेलर म्हणाला, "अशी गळ्याची पट्टी मला चाळीस वर्षांत जमली नाही." लेन्स लांबची, त्यामुळे तो पंधरा पावलांवर बसायचा. लांबून काढलं तर घरट्याचा फोटो चालतो, असं या चौघांचं ठरलेलं होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास. हो, दुकानही उघडलं. पिल्लं बाहेर आली त्या दिवशी त्यानं मामाला एक्सरे खोलीत फोन केला. "दोन आहेत लेका! दोन!" आत पेशंट श्वास धरून उभा होता, त्याला सोडा म्हणायचं मामा विसरला.

त्या रविवारी टेलरनं फोटो लावला. आई घरट्याच्या काठावर, चोचीत किडा, खाली दोन चोची उघडलेल्या. आणि समोरून आडवी आलेली एक डहाळी, तीन पानांची. त्यातलं मधलं पान बरोबर आईच्या डोळ्यावर.

ताई म्हणाल्या, "अरेरे, पान!" कॅशियर म्हणाला, "एक इंच इकडे सरकला असता तर." टेलर नियमाप्रमाणे गप्प. इंचभर सरकायला तिथे जागा नव्हती, एका बाजूला टाकीची भिंत आणि दुसरीकडे उतार, पण ते बोलायची सोय नव्हती.

मामा उठला, जवळ गेला, मागे आला. "फांदी नडते," तो म्हणाला. मग थांबला. "तेवढी एक फांदी नसती, तर हा फोटो झाला असता."

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकोणीस वर्षांत मामा टेलरच्या बाबतीत इतका पुढे कधी आला नव्हता. त्यानं फोटो पालथा केला आणि लिहिलं, 'फांदी नडते.' टेलरनं तो दोन्ही हातांत धरून नेला, ओला असल्यासारखा.

पुढच्या रविवारी टेलर उशिरा आला. दाढी केलेली नव्हती. कुणाशी न बोलता त्यानं चिमटा लावला आणि स्टुलावर बसला.

फोटो लागला आणि पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

तीच आई, तोच काठ. मध्ये काही नाही. डोळा लखलखीत, त्यात आकाशाचा एक ठिपका. शेपटीचा पंखा पूर्ण उघडा, एकेक पीस मोजून घ्यावं असं. पिल्लांच्या चोचींच्या आतला नारिंगी रंग. सगळ्यावरून सकाळचं ऊन.

"बाई गं," ताई म्हणाल्या. कॅशियरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "मी काय बोलू?"

आता मामाची पाळी. तो उठला. फोटोकडे गेला. आणि खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी फोटो दिसतच नव्हता. त्याला हनुवटी टेकवून उभ्या असलेल्या वहिनी दिसत होत्या. शब्द द्या. तो गेल्या रविवारपासून या घडीची वाट बघत होता. घरून निघतानाच ठरवून निघाला होता, की आज जरा जरी बरा असेल तर म्हणून टाकायचं. आणि हा तर असा होता. कोपरे बघायची त्याची सवय, चारही कोपऱ्यांतून नजर फिरवून मगच मधे यायचं. त्या दिवशी तो थेट डोळ्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"काही चूक नाही," मामा म्हणाला.

कॅशियरनं टाळ्या वाजवल्या. ताईंनी डोळे पुसले, त्यांना वहिनी आठवल्या असतील. मामानं फोटो खाली घेतला, पालथा केला, पेन्सिल टेकवली.

"मामा," टेलर म्हणाला. "नीट बघ."

"ए! नियम, नियम!" कॅशियर ओरडला. "ज्याचा फोटो त्याचं तोंड बंद!"

सगळे हसले. मामासुद्धा हसला. टेलरनं उघडलेलं तोंड मिटलं. मामानं लिहिलं, 'काही चूक नाही', खाली रेघ मारली आणि फोटो त्याच्या हातात दिला. टेलरनं ते वाचलं, मामाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि चहासाठी न थांबता निघून गेला. "भरून आलं त्याला," मामा म्हणाला. त्या दिवशी तो घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोनं विचारलं, आज गाणं कसलं गुणगुणताय.

वाचनालयाच्या दालनात दर वर्षी गावातल्या हौशी लोकांचे फोटो लावतात. ताईंनी टेलरचा फोटो पाठवला, निवडला गेला. टेलरला कळवलं तर म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." ताईंनी स्वतःच मोठी प्रिंट काढली, दाराएवढी. आणि मामाला ड्युटीवर फोन केला. "मामा, लॅमिनेशनच्या आधी एकदा बघून जा. उजव्या कोपऱ्यात खाली एक केस दिसतोय. लेन्सवरचा असेल. दोन मिनिटांत पुसून टाकते मशिनवर, पण म्हटलं तुम्हाला विचारावं."

मामा संध्याकाळी गेला. प्रिंट टेबलावर पसरली होती. ताईंनी बोट ठेवलं. "हा बघा."

केस नव्हता. केस वाकतो. ही रेघ ताठ होती. खालच्या कोपऱ्यातून वर, घरट्याच्या फांदीमागे जाऊन नाहीशी होणारी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, पानांत पान होऊन बसलेली, फक्त एका ठिकाणी तिच्यावर ऊन पडलं होतं. तीस वर्षं मामानं हाडांत हेच शोधलं होतं. केसाएवढी रेघ, जिथे रेघ असायला नको तिथे. झाडात सरळ रेघ नसते. ताणून बांधल्याशिवाय कुठलीच गोष्ट इतकी सरळ होत नाही.

आणि रेघेच्या टोकाला, कागदाच्या कडेला अर्धी कापली गेलेली, तीन पानांची एक डहाळी. खाली वाकवून बांधलेली.

"पुसू का?" ताई म्हणाल्या.

"हात लावू नका."

"अहो पण..."

"ताई, हात नका लावू म्हणतो ना!"

ताईंनी हात मागे घेतला. हा माणूस त्यांच्यावर कधी ओरडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या आधी मामा टाक्यांमागे गेला. एकटा. डहाळी आपल्या जागी परत आली होती, तीन पानं घरट्यासमोर. पण तिच्या सालीवर गाठ होती. पक्की, दुहेरी, आणि शेपूट कात्रीनं साफ कापलेली. पानांशी रंग जुळवून निवडलेला दोरा. कापडाला दोरा लावतात तसा. दुसरं कुणी असतं तर सुतळी बांधली असती.

वाटी रिकामी होती. पिल्लं उडून गेली म्हणावं, तर मोठी झालेली पिल्लं वाटीचा काठ चेपून टाकतात, हा काठ तसाच गोल होता. खाली काही सांडलेलं नव्हतं. आईचा आवाज कुठेच नव्हता. मामा पंधरा पावलं मागे गेला, टेलर बसायचा तिथे बसला आणि बघितलं. साडेआठच्या सुमाराला सूर्य टाकीच्या वर आला. ऊन सरकत सरकत घरट्याकडे आलं आणि त्या तीन पानांवर थांबलं. वाटीत सावली पडली, बरोबर वाटीएवढी.

डोळ्यावर आलेलं पान म्हणून त्यानं ज्याला नाव ठेवलं, ते तिचं छप्पर होतं. तिनं जागाच त्यासाठी निवडली होती.

मामा त्या दिवशी कामावर गेला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता. तो चालत बाजारात आला आणि सगळ्या वाटेनं एकच विचार, सांगायचं की नाही. टेलरला माहीत नसेल. बांधला, फोटो काढला, सोडला, गेला, असं असेल. हे काही दोषी बिशी वाटून घ्यायचं वय नाही त्याचं, नुकता उठून बसलाय. एका फोटोवर उभा आहे माणूस. तो काढून घ्यायचा का? डॉक्टर सांगतील असं म्हणायला इथे डॉक्टरही नव्हता.

दुकानात टेलर पायमशिनवर होता. खांद्यावर टेप. मामाला या वेळी बघून त्याचा पाय थांबला. चाक जरा वेळ आपोआप फिरलं आणि राहिलं.

"बस," टेलर म्हणाला.

मामा बसला नाही.

"बघितलास ना?" टेलर म्हणाला. "दोरा."

"हो."

"कधी?"

"काल. ताईंनी मोठी प्रिंट काढली तेव्हा."

"सोळा दिवस," टेलर म्हणाला. "सोळा दिवस लागले तुला."

मामाला आता बसावं लागलं. गिऱ्हाइकांच्या बाकावर.

"मला कापता येत होता तो कोपरा," टेलर म्हणाला. "आधीच. दोन बोटं कागद कापला असता की दोरा गेला असता. मी नाही कापला. मुद्दाम ठेवला. म्हटलं, मला तोंडानं सांगता येणार नाही, पण हा बघेल. याला सुईचं टोक दिसतं माझ्या बोटातलं. हा बघेल आणि सगळ्यांसमोर माझी सालटी काढेल. मी तयारी करून आलो होतो लेका. दाढीही केली नव्हती."

"पिल्लं..."

"सकाळी सातला बांधला. म्हटलं तासाभराचा प्रश्न. नवाला फोटो मिळाला. मिळाला रे! मागच्या पडद्यावर बघितला आणि मी उड्या मारल्या तिथं. माझ्या वयाला. घरी गेलो, तिच्या फोटोला दाखवला. म्हटलं, बघ, आता बोलून दाखव म्हणावं त्याला." टेलरनं खांद्यावरचा टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळायला लागला. "दोरा सोडायचा राहिला. विसरलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा आनंदात होतो, त्या आनंदात विसरलो. चारला कोट कापताना हिरवं रीळ हातात आलं आणि आठवलं. धावत गेलो. चप्पल घातली नाही."

टेप बोटांवर गच्च झाला, तेव्हा त्यानं तो सोडला. 

"आई काठावर बसली होती," टेलर म्हणाला. "पंख पसरून. सावली करत होती त्यांच्यावर. कधीपासून करत होती कुणास ठाऊक. खाली काही हलत नव्हतं. मी जवळ गेलो तरी उडेना. दोरा कापला, पानं वर आली, तरी उडेना."

बाहेरून एक बाई आली, ब्लाउज झाला का विचारायला. टेलर म्हणाला, "उद्या." ती दोघांची तोंडं बघून गेली.

"तू का नाही बघितलंस?" टेलर म्हणाला. आवाज चढवून नाही. खरंच विचारत होता. "एकोणीस वर्षं माझं एक पीस सोडलं नाहीस. आणि त्याच दिवशी... मी तोंडानं म्हणालो की तुला, नीट बघ."

खोटं बोलणं मामाला जमत नव्हतं. ते त्याचं भांडवल होतं आणि तेच त्या दिवशी नडलं. "मी वहिनींना शब्द दिला होता," तो म्हणाला. "तुला एकदा चांगलं म्हणेन म्हणून. मी ठरवूनच आलो होतो."

टेलरनं मान हलवली. एकदा, दोनदा. मापं ऐकून घेताना हलवतो तशी.

"म्हणजे ते पण माझं नव्हतं," तो म्हणाला.

"तसं नाही रे. फोटो खरंच..."

"नको," टेलर म्हणाला. "आता नको बोलू."

फोटो खरंच चांगला होता. मामाला जन्मभर सलणार आहे ते हेच. त्यानं दिलेली दाद मनापासूनची होती आणि ती आता कधीच सांगता येणार नाही.

टेलरनं फळीवरून शर्टाचं खोकं काढलं. सगळ्यांत वरचा फोटो घेतला आणि मामापुढे पालथा ठेवला. 'काही चूक नाही', खाली रेघ. शेजारी पेन्सिल ठेवली आणि एक खोडरबर. "नीट लिही आता," तो म्हणाला. "तुझं काम आहे ते."

मामानं खोडलं. मऊ पेन्सिल, लगेच गेलं, रेघेची खाच तेवढी राहिली. मग पेन्सिल उचलली. दोरा बांधला असं लिहायचं, तर का बांधला ते आधी लिहायला हवं. त्यानं खोक्यातला त्याच्या खालचा फोटो उचलला, पान डोळ्यावर असलेला. पाठीवर त्याचंच अक्षर. 'फांदी नडते.' त्यानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. एक कोरा, एक लिहिलेला. आणि पेन्सिल खाली ठेवली. टेलरनं बघितलं. पुसायला सांगितलं नाही, राहू दे असंही म्हणाला नाही. मशिनकडे वळला आणि सुईत दोरा ओवायला लागला. चार वेळा चुकला. मामानं हात पुढे केला, तर टेलर म्हणाला, "राहू दे. जमेल मला."

वाचनालयात त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी सूर्यास्त लागला.

टेलर परत रविवारी आला नाही. कॅशियर एकदा म्हणाला, "एवढं काय, पक्षीच होते, रोज मरतात." मामा उठला, त्याचा खंड्या दोरीवरून काढला, त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं. कॅशियर तीन आठवडे आला नाही. मग आला. त्याला दुसरीकडे कुठे जायचं होतं?

मामाच्या पँटी आजही तिथेच शिवल्या जातात. तो कापड देतो, टेलर माप न घेता शिवतो, कंबर दोन बोटं सैल झालीय हे त्यालाच कळतं. पावसापाण्याचं बोलतात. फोटोचं नाही. टेलरचा कॅमेरा दुकानातच त्या खाकी खोळीत खुंटीला आहे. खोळीवर कापडाची बारीक धूळ बसलीय, आणि सगळं दुकान झाडणारा टेलर तेवढी जागा सोडून झाडतो.

दोरी अजून आहे. रविवारी ताई लावतात, कॅशियर लावतो, हल्ली एक नर्सही येते. परवा तिनं सुगरणीचा फोटो आणला. चांगला होता, पण समोरून गवताचं पातं आडवं गेलेलं, बरोबर चोचीवरून. ताई म्हणाल्या, "पातं जरा..." आणि मामाकडे बघून गप्प झाल्या. नर्स नवीन. नियमानं तोंड बंद ठेवून बसली होती, हात मांडीवर, एक्सरेच्या रांगेत बसतात तशी.

मामा उठला. चारही कोपरे बघितले, मग मधे आला. फोटो खाली घेतला, पालथा केला. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकून राहिली.

'पातं असू दे,' त्यानं लिहिलं.